मुलीला ‘परक्याचं धन’ कुणी केलं?

मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की घरातली वाक्यं बदलू लागतात. पाय आपटत चालू नकोस. मोठ्यानं हसू नकोस. नीट बस. भावाचं ताट आधी वाढ. उद्या दुसऱ्याच्या घरी जायचंय, तिथं कोण ऐकून घेणार आहे?

ही वाक्यं बोलणारी बहुतेक वेळा आईच असते, नाहीतर आजी. त्यांत राग नसतो, काळजी असते, मायाही असते. मुलगी ती ऐकते आणि विसरते. निदान आपण विसरलो असं तिला वाटतं. पुढे पंचवीस वर्षांनी तीच वाक्यं ती आपल्या लेकीला ऐकवते.

इतकी साधी, रोजची गोष्ट. पण १९८८ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या नावाजलेल्या इंग्रजी साप्ताहिकात याच गोष्टीवर एक दीर्घ लेख छापून आला. हिंदू घरातली मुलगी ‘मुलगी’ म्हणून कशी घडवली जाते, हा त्याचा विषय होता. समाजशास्त्र आणि स्त्री-अभ्यास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आजही तो लेख आवर्जून वाचायला सांगितला जातो. लेखिकेचं नाव लीला दुबे. आडनाव हिंदी मुलखातलं असलं तरी माहेर मराठी. माहेरचं आडनाव आंबर्डेकर. आग्रा घराण्याच्या ख्यातनाम गायिका आणि दिल्ली विद्यापीठात संगीत शिकवणाऱ्या सुमती मुटाटकर या त्यांच्या थोरल्या भगिनी. एका बहिणीनं सुरांचा माग काढला, दुसरीनं नात्यांचा.

लीलाबाईंचा हा माग सुरू झाला तो मात्र मुंबई-पुण्यात नव्हे, दिल्लीतही नव्हे. तो सुरू झाला छत्तीसगडमध्ये, रायपूरच्या आसपासच्या आदिवासी मुलखात.

रायपूर आणि नागपूर, एकाच प्रांतातले

आज रायपूर म्हटलं की छत्तीसगडची राजधानी डोळ्यांसमोर येते. १ नोव्हेंबर २००० रोजी हे राज्य जन्माला आलं. पण लीलाबाईंच्या तरुणपणी रायपूर हा मध्यप्रांत-वऱ्हाडातला एक जिल्हा होता आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर. नागपूरकर भोसल्यांनी एकेकाळी छत्तीसगडवर राज्य केलेलं. त्यामुळे सरकारी नोकऱ्या, शाळा, वकिली, रेल्वे अशा वाटांनी मराठी कुटुंबं या भागात जात राहिली, रुजली. रायपूरचं महाराष्ट्र मंडळ ही त्याच जुन्या नात्याची खूण.

लीलाबाईंचा जन्म २७ मार्च १९२३चा. नागपूर विद्यापीठही १९२३ सालचंच. पुढे याच विद्यापीठानं त्यांना डॉक्टरेट दिली.

त्यांचे पती श्यामाचरण दुबे हेही मोठे समाजशास्त्रज्ञ. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवत. मन मात्र ओढ घेई ते छत्तीसगडच्या लोकगीतांकडे आणि आदिवासींकडे. रायपूर जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्वेला बिंद्रानवागढ नावाची जमीनदारी होती. तिथल्या जंगलात कमार ही छोटी जमात राहते. बांबूच्या टोपल्या विणायच्या, शिकार करायची, जंगलाचा तुकडा जाळून त्या राखेत पेरणी करायची, असं त्यांचं जगणं. श्यामाचरणांनी कमारांचा अभ्यास करून लिहिलेलं पुस्तक १९५१ साली प्रसिद्ध झालं. पुढे हैदराबादजवळच्या शमीरपेट गावावरचं त्यांचं ‘इंडियन व्हिलेज’ १९५५ साली आलं आणि जगभर गाजलं. कमारांचा तो मुलूख आता रायपूरमधून वेगळ्या झालेल्या गरियाबंद आणि धमतरी जिल्ह्यांत येतो.

लीलाबाईंची मानवशास्त्राशी ओळख झाली ती याच मुलखात, पतीच्या कामाच्या निमित्तानं. पण ‘अमक्यांच्या सौभाग्यवती’ म्हणून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी स्वतःचा विषय निवडला: छत्तीसगडची गोंड स्त्री. याच विषयावर १९५६ साली नागपूर विद्यापीठानं त्यांना डॉक्टरेट दिली.

आज हा विषय ऐकून कुणी चमकणार नाही. पण तो काळ आठवा. आदिवासींवर पुस्तकं लिहिणारे बहुतेक पुरुष. गावात गेलं की ते मुखियाशी बोलत, बैगाशी बोलत, पंचांशी बोलत. जमातीचे नियम पुरुषांच्या तोंडून कळत. बाईची गाठ पडे ती लग्न, बाळंतपण आणि दागिने या प्रकरणांतच. अशा वेळी एका तरुण मराठी बाईनं थेट गोंड बाईच्या बाजूनं जमातीकडे पाहायचं ठरवलं, ही साधी गोष्ट नव्हती.

इथे असं नाही, मग तिथे असं का?

गोंड समाजात लीलाबाईंसमोर आलं ते चित्र मध्यमवर्गीय मराठी घरापेक्षा फार निराळं होतं. तिथे हुंडा नव्हता. उलट मुलीच्या घरच्यांना वरपक्षाकडून मोल मिळे. ते द्यायची ऐपत नसेल तर मुलगा ‘लमसेना’ म्हणून सासऱ्याच्या घरी राही, तिथे राबे आणि मग लग्न होई. नवऱ्याशी पटलं नाही तर बाई दुसरं घर धरू शके. विधवेला किंवा सोडलेल्या बाईला बांगड्या भरून पुन्हा संसार थाटता येई. छत्तीसगडमध्ये याला ‘चूडी’ म्हणतात. एखादी मुलगी आपल्या पसंतीच्या पुरुषाच्या घरात आपणहून जाऊन राही. त्यालाही नाव होतं, ‘पैठू’. समाज कुरकुरत असेल, दंडही घेत असेल. पण त्या बाईला आयुष्यातून उठवत नसे.

त्याच काळात शहरांतल्या कित्येक सुशिक्षित घरांमध्ये विधवेच्या पुनर्विवाहाची गोष्ट दबक्या आवाजातच निघत होती, हे लक्षात घ्यायला हवं.

म्हणजे आदिवासी बाई अगदी मोकळी, अगदी सुखी? असा भाबडा निष्कर्ष काढणाऱ्यांपैकी लीलाबाई नव्हत्या. गोंड बाई शेतात पुरुषाच्या बरोबरीनं, कधी जास्तच राबे. पण नांगराला तिनं हात लावायचा नाही, असा दंडक होता. जमीन बापाकडून मुलाकडेच जाई. मोकळीक होती, हक्क मात्र तोकडे होते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये, ही शिस्त त्यांच्या पुढच्या सगळ्या लिखाणात दिसते.

मग त्यांची नजर वळली ती थेट समुद्राकडे. १९६० ते १९७५ या काळात त्या सागर विद्यापीठात मानवशास्त्र शिकवत होत्या. १९६९ साली लक्षद्वीपमधल्या कल्पेनी बेटावरचं त्यांचं पुस्तक आलं. या बेटावरचे लोक मुसलमान, पण घराणं चालतं आईच्या बाजूनं! घराण्याला ‘तरवाड’ म्हणतात. लग्न झालं तरी मुलगी आपल्याच घरी राहते. नवरा रात्री बायकोकडे येतो आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परततो. मुलं आईच्या तरवाडची. घटस्फोट झाला तर बाईच्या डोक्यावरचं छप्पर जात नाही, कारण ते छप्पर नवऱ्याचं नसतंच मुळी. इथेही कारभार पाहायला मामा, भाऊ असे पुरुष असतात. तेव्हा याला ‘बायकांचं राज्य’ म्हणता येणार नाही, हेही अभ्यासकांनी नोंदवून ठेवलं आहे.

गोंडांचा पाडा आणि कल्पेनीचं बेट यांच्यात दीड-दोन हजार किलोमीटरचं अंतर. धर्म वेगळा, भाषा वेगळी, खाणंपिणं वेगळं. पण दोन्हीकडून एकच गोष्ट सिद्ध होते. मुलगी लग्नानंतर ‘दुसऱ्याची’ होते, हा काही निसर्गाचा नियम नव्हे. सूर्य पूर्वेला उगवतो तसं हे नाही. माणसांनी एका प्रकारची घरं बांधली म्हणून मुलगी परकी झाली. दुसऱ्या प्रकारची घरं बांधली तिथे ती झाली नाही.

ताट, पाट आणि सोवळं

हे सगळं पाहून झाल्यावर लीलाबाई आपल्या घराकडे वळल्या. १९८८चा तो लेख म्हणजे या वळणाचं फळ.

मुलगी घडवायला कुणी शाळा काढत नाही, असं त्यांचं निरीक्षण. ती घडते सणावारांतून, म्हणींतून, गाण्यांतून, नहाण आलं की लागणाऱ्या बंधनांतून आणि सगळ्यांत जास्त जेवणातून. मुलीनं अन्न शिजवायला शिकायचं, वाढायला शिकायचं आणि ‘पुरवून खायला’ शिकायचं. आवडीचा पदार्थ थोडाच उरला असेल तर तो मागायचा नाही. ‘अन्नपूर्णा’ म्हणून तिचा गौरव होतो आणि त्या गौरवासोबत शेवटी बसण्याची सवयही हातात पडते. हे कुणी जबरदस्तीनं करत नाही. मुलीला त्यात मान वाटतो, म्हणून तर ते टिकतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यासाठी फार लांब जायला नको. विदर्भातली भुलाबाई असो की पश्चिमेकडचा भोंडला, लहान मुलींच्या या खेळांतली गाणी सासर-माहेराचीच असतात. सात वर्षांच्या मुलीला सासू म्हणजे काय हे ठाऊक नसतं. पण सासू कशी असते याची ओळख गाण्यांतून आधीच झालेली असते. गौरी तीन दिवस माहेरी येतात आणि परत जातात. सणाचा आनंद खराच, पण त्यातला धडाही खराच: लेक म्हणजे पाहुणी.

लीलाबाईंनी आईला मात्र दोषी ठरवलं नाही. आई असं का वागते? कारण उद्या आपली लेक अशा घरात जाणार आहे, जिथं तिचं बसणं, उठणं, बोलणं सगळं तपासलं जाईल, हे तिला ठाऊक असतं. तेव्हा ती लेकीला आधीच तयार करते. हा निर्दयपणा नव्हे, ही तयारी आहे. फक्त अशी तयारी करणाऱ्या आया पिढ्यान् पिढ्या निपजत राहतात, तोवर ते तपासणारं घरही तसंच राहतं.

पुढे १९९६ साली जात आणि स्त्री या विषयावर लिहिताना त्यांनी स्वयंपाकघराचा आणखी एक पदर उलगडला. जात टिकते कुठे? फक्त पंचायतीत नव्हे, चुलीपाशीही. कुणाच्या हातचं खायचं, कुणाला ओट्याजवळ येऊ द्यायचं, कुणाचा कप वेगळा ठेवायचा, हे सगळं बायका सांभाळतात. सोवळं-ओवळं पाळण्याचं ओझं बाईवर आणि त्यातून घराण्याची ‘शुद्धता’ राखण्याचं कामही बाईवरच. म्हणून तर मुलगी कुणाशी लग्न करते यावर समाज इतका डोळा ठेवून असतो. जात आणि बाईपण या दोन गाठी सुट्या सुट्या सोडवता येणार नाहीत, हे त्यांनी घरातल्या भांड्याकुंड्यांच्या आधारे दाखवून दिलं.

बीज कुणाचं, शेत कुणाचं?

लीलाबाईंचा सर्वांत गाजलेला विचार १९८६ सालच्या एका निबंधात आहे. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या असं मानलं जातं की पुरुष म्हणजे बीज आणि स्त्री म्हणजे शेत. धर्मशास्त्रांतही ही उपमा सापडते आणि गावच्या पारावरच्या बोलण्यातही. ऐकायला ती गोड वाटते. धरणीमाता म्हणून तिची पूजाही होते. लीलाबाईंनी या उपमेचा हिशेब मांडला.

शेतात पेरलेल्या बियाण्यावर पिकाची जात ठरते. गहू पेरला तर गहू, ज्वारी पेरली तर ज्वारी. म्हणजे मूल कोण आहे हे बाप ठरवतो. आई फक्त पोसते. आणि पीक कुणाचं? ज्याचं बीज, जो शेताचा धनी, त्याचं. शेत कधी पिकावर हक्क सांगत नाही! म्हणजे नऊ महिने पोटात वाढवणारीचा मुलावरचा हक्क उपमेनंच काढून घेतला. जे मुलाच्या बाबतीत, तेच जमिनीच्या आणि घराच्या बाबतीत. राबायचं तिनं, मालकी त्याची.

विज्ञान तर केव्हाच सांगून मोकळं झालंय की मुलात अर्धा वाटा आईचा असतो आणि मुलगा की मुलगी हे ठरतं ते बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर. तरी मुलगी झाली की बोल लागतो आईलाच. उपमा विज्ञानाला ऐकत नाही.

कायद्यालाही ही उपमा सोडायला वेळ लागला. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई, असं लिहिलेलं होतं. हे ‘नंतर’ म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही, तो लक्ष देत नसेल तेव्हाही आईच पालक, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयानं लावला तो १९९९ साली, गीता हरिहरन यांच्या खटल्यात. महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणारी दुरुस्ती १९९४ साली केली; देशभर ती २००५ साली झाली. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव लावणं महाराष्ट्रात सक्तीचं झालं.

१९८३ सालचं भाकीत

विद्वानांच्या बोलण्याचा संसाराशी काय संबंध, असं वाटणाऱ्यांनी पुढचा प्रसंग जरूर वाचावा.

१९८०च्या सुमाराला शहरांत गर्भजल-परीक्षा सुरू झाल्या. मूळ हेतू गर्भातले दोष शोधण्याचा. वापर होऊ लागला मुलगी असेल तर गर्भ पाडण्यासाठी. यावर ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त मोठा वाद रंगला. दिल्लीच्या नामवंत अर्थतज्ज्ञ धर्मा कुमार यांचा युक्तिवाद असा होता की मुली कमी झाल्या तर त्यांची किंमत वाढेल. बाजारात माल कमी झाला की भाव चढतो, तसंच.

१९८३ साली लीलाबाईंनी त्याला उत्तर दिलं. बाई म्हणजे बाजारातला माल नव्हे, तिचा ‘भाव’ मागणी-पुरवठ्यावर ठरत नाही, तो ठरतो समाजात तिचं स्थान काय यावर. जिथे तिला आधीच हक्क नाहीत तिथे मुली कमी झाल्या तर त्यांचा मान वाढणार नाही. उलट त्यांना पळवलं जाईल, त्यांच्यावर अत्याचार वाढतील, एकीला अनेकांत वाटून घेतलं जाईल, असा इशारा त्यांनी दिला.

पुढे काय झालं ते देशानं पाहिलं. हरियाणात लग्नाला मुली मिळेनात, तेव्हा बंगाल, आसाम, ओडिशा, झारखंडातून पैसे मोजून नवऱ्या आणल्या जाऊ लागल्या. त्यांना तिथे ‘मोल की’ म्हणतात. मोल आलं, मान आला नाही. महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानावर १९८८ साली कायदा केला, देशात असा पहिलाच. केंद्राचा कायदा १९९४ साली आला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली १९९१च्या जनगणनेत ९४६ होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. त्या वर्षी बीड जिल्ह्याचा आकडा तर ८०७ होता.

आणि त्याच २०११च्या जनगणनेत छत्तीसगडचा आकडा? ९६९! ज्या प्रदेशाला आपण मागास म्हणत आलो, तो मुलींच्या बाबतीत आपल्या पुढे निघाला. याचं कारण एकच नाही. सोनोग्राफीची यंत्रं जिथे कमी पोचली, तिथे गर्भपातही कमी झाले, हेही खरं. पण शिक्षण आणि पैसा वाढला की मुलीचं स्वागत आपोआप होतं, हा आपला समज मात्र या दोन आकड्यांपुढे टिकत नाही.

घराबाहेर आणि घरात

१९७४ साली तयार झालेल्या ‘समानतेकडे’ या भारतीय स्त्रियांच्या स्थितीवरील अहवालानं सरकारला हलवून सोडलं. १९०१ साली दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, त्या १९७१पर्यंत ९३०वर आल्याचं त्यात पुढे आलं. वीणा मजुमदार ज्या समितीच्या सदस्य-सचिव होत्या, त्या समितीच्या कामात लीलाबाईंच्या अभ्यासाचाही हातभार लागला. पुढे दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या स्त्रियांची तुलना करणारं त्यांचं पुस्तक १९९७ साली संयुक्त राष्ट्र विद्यापीठानं प्रसिद्ध केलं. २००१ साली त्यांचे महत्त्वाचे लेख एकत्र आले. श्यामाचरण १९९६ साली गेले. छत्तीसगडशी या घराचं नातं मात्र तुटलं नाही. त्यांचे चिरंजीव सौरभ दुबे यांनी छत्तीसगडच्याच सतनामी समाजाच्या इतिहासावर लिहिलेलं पुस्तक १९९८ साली प्रसिद्ध झालं.

२० मे २०१२ रोजी लीलाबाईंचं दिल्लीत निधन झालं. त्या एकोणनव्वद वर्षांच्या होत्या.

त्यांच्या लिखाणात घोषणा नाहीत. सासू वाईट, नवरा वाईट, असा सोपा न्याय नाही. त्या फक्त विचारतात: हे असं कुठून आलं, आणि दुसरीकडे कुठे हे वेगळं आहे का? वेगळं असल्याचं एकही उदाहरण सापडलं, तर ‘हे असंच असतं’ म्हणण्याची सोय उरत नाही.

शाळेच्या फॉर्मवर आता आईचं नाव वडिलांच्या नावाच्या आधी लिहिलं जातं. ते सरकारनं केलं. पण आज रात्री घरात पहिलं ताट कुणाचं आणि शेवटचं कुणाचं, याचा आदेश कोणतंही सरकार काढू शकत नाही. तो निर्णय त्याच घरात, त्याच ओट्यापाशी व्हायचा आहे. आणि तो होत असताना दहा-अकरा वर्षांची एक मुलगी तिथे उभी राहून सगळं पाहत असते.